चिपाडाने रंगाचं पाणी निवळायचं तर

गुऱ्हाळावरचं चिपाड आणि इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं रंगीत पाणी, दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यात हाताशी. पण रंग कुठला, ते आधी विचारा. कच्च्या चिपाडावर ऋण भार असतो. मिथिलीन ब्लूसारखे बेसिक रंग धन भाराचे, ते लगेच चिकटतात. सुतासाठी वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे, त्यांना चिपाड धरत नाही. कॉलेजच्या प्रयोगात सुरेख आकडे आणि खऱ्या पाण्यात फजिती, त्याचं मूळ बहुतेकदा इथंच.

चिपाडाचे बारीक तुकडे करून उकळा. पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत बदलत राहा. हा टप्पा घाईत उरकलात तर उरलेली साखर पाण्यात उतरते, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उलटा वाढतो आणि आंबूस वास सुटतो. मग ऊन द्या, १०५ अंशांवर कोरडं करा, दळा आणि ०.५ ते १ मिमीचा चुरा चाळून घ्या. पिठासारखा बारीक नको, गाळताना तुंबतो.

बेसिक रंगांना एवढं पुरतं. रिॲक्टिव्हसाठी चुऱ्याच्या वजनाइतकं फॉस्फोरिक ॲसिड मिसळून रात्रभर मुरवा, सुकवा, झाकण लावलेल्या मुशीत ५०० अंशांवर तासभर भाजा. झाकण सैल राहिलं तर हाती राखच. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) हवंच. गार झाल्यावर हा कोळसा धुवणाचा पीएच ६-७ येईपर्यंत धुवा.

आता चाचणी. सांडपाणी गाळून पीएच पाहा. रिॲक्टिव्हचं पाणी सोड्यामुळं अल्कलीच असतं. विरळ सल्फ्युरिकने ३ वर आणा. पाच बाटल्यांत १०० मिली पाणी घ्या. चारांत ०.१, ०.२, ०.५ आणि १ ग्रॅम कोळसा टाका, पाचवी कोरी. दोन तास हलवा. गाळणकागद स्वतःच रंग शोषतो, म्हणून पहिले १० मिली फेका आणि कोरी बाटलीही तशीच गाळा. मिश्र रंगांचं पाणी असेल तर ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर, तिन्हीवर प्रकाशाचं शोषण मोजा. मोजण्याआधी सगळ्या नमुन्यांचा पीएच सारखा करा, कित्येक रंग पीएचनुसार छटा बदलतात.

रंगाईतलं मीठ कोळसा धरत नाही. पाणी पांढरंशुभ्र दिसलं तरी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) तसाच, तेव्हा ते उसाला सोडू नका. आणि रंग प्यालेलं चिपाड परत चुलाणात नको. नाव लिहिलेल्या पोत्यात वेगळं ठेवून घातक कचऱ्याच्या अधिकृत वाटेनेच द्या.