सौर वादळ येणारे म्हणे, मग आधी वरची टाकी भरा

सौर वादळाची बातमी आली की फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड ठरलेला, आज रात्री फोन स्विच ऑफ करा, उशाशी ठेवू नका वगैरे. ते डिलीट करा. सूर्यावरून सुटलेला प्लाझ्मा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की शेकडो किलोमीटर लांबीच्या तारांमधे नको तो करंट घुसतो, तुमची चार्जरची वायर हातभर, तिला काय होतंय. फटका बसतो हायटेन्शन लाइन आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरना. 13 मार्च 1989 ला कॅनडात क्वेबेकची ग्रिड दोन मिनिटांच्या आत बसली आणि साठेक लाख लोक 9 तास अंधारात.

आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, म्हणून इथे तो धोका कमी. मे 2024 च्या मोठ्या वादळात लडाखला हानलेत आकाश लाल झालं, पुण्यात आपण गाढ झोपलेलो. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि तयारी तशीही गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हाचीच आहे, फक्त जरा लांबलेली.

सगळ्यात आधी पाणी. सोसायटीत पाणी खालच्या टाकीत येतं आणि वर चढवायला पंप, म्हणजे लाइट गेली की काही तासांत नळ कोरडे. वॉर्निंग असली तर वरची टाकी फुल करून घ्या, घरात दोन बादल्या आणि प्यायचं पाणी वेगळं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघा, आमच्याकडे ते ऐन वेळेलाच आठवतं.

मग कॅश. मागे एकदा दुपारभर लाइट नव्हती, टॉवरची बॅटरीही संपली, आणि मी वाण्याकडे दुधाची पिशवी हातात धरून यूपीआयचं चक्र फिरताना बघत उभा. तेव्हापासून दहा, वीस, पन्नासच्या नोटा डब्यात असतात, पाचशेची दिली तर सुट्टे कोण देणार.

जीपीएस भरकटू शकतं, कारण सिग्नल वातावरणाच्या ज्या थरातून येतो तोच ढवळलेला असतो. पत्ता विचारत जा, पुण्यात उत्तर कसं मिळेल ते तुमचं नशीब. सेलवरचा छोटा रेडिओ ठेवा, आकाशवाणी लागली तरी पुरे.

वेळ मिळतो हे बरं. स्फोटाचा उजेड 8 मिनिटांत पोचतो पण प्लाझ्माला साधारण एक ते तीन दिवस लागतात. इस्रोचं आदित्य एल-1 यान सूर्यावर नजर ठेवायला पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर बसलंय, त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी 'सूट' दुर्बीण आपल्या विद्यापीठातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने इस्रोबरोबर बनवलीय. वादळाची मोजणी जी-1 ते जी-5, जी-5 सगळ्यात जोरदार, जी-3 पर्यंत मी काहीच करत नाही, जी-4 ऐकलं की टाकी.

लाइट गेली की फ्रिज, टीव्हीचे प्लग काढा, परत आली की पाचदहा मिनिटं थांबून लावा, व्होल्टेज वरखाली होतं. वॉर्निंग असेल त्या दिवशी लिफ्ट शक्यतो टाळा. आणि शेजारी कुणाचं इन्सुलिन फ्रिजमधे असेल तर बर्फाची सोय आधीच विचारून ठेवा, जिना चढून रात्री अकराला विचारण्यापेक्षा बरं.