शिडाच्या बोटीला विजेची मोटर बसवताय? या चुका टाळा

मे महिन्यात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर दुपारनंतर पश्चिमेचा वारा चांगलाच जोर धरतो. अशाच एका दुपारी शीड उतरवून आम्ही मोटरवर वाऱ्याच्या तोंडाला निघालो. थ्रॉटल पूर्ण दिला आणि दोन मिनिटांत मोटर बंद, डिस्प्लेही काळा. स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तर सगळं पूर्ववत आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली. हळू चालवली की काहीच तक्रार नाही, जोर दिला की पुन्हा बंद. शेवटी वल्ही मारत काठ गाठला.

"दादा, एक सेल गेलाय, पॅकच बदला," असा सल्ला मिळाला. पैसे मोजायच्या आधी अंबडच्या वर्कशॉपमध्ये पॅक उघडून बसलो, हे बरं झालं. सेल ठणठणीत होता. दोष होता दोन सेल जोडणाऱ्या पट्टीच्या एका नटात. तो सैल होता आणि खाली ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढला होता.

हे नीट समजून घ्या, कारण बिघाड शोधताना लोक इथेच चुकतात. आमचा पॅक १६ एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेलचा, ५१.२ व्होल्टचा. ३ किलोवॅट ओढले की साधारण ६० अँपिअर वाहतात. सैल जोडावर ७ मिलिओहम जरी रोध असला, तरी ६० अँपिअरला तिथे ०.४२ व्होल्ट पडतात. बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा, त्या पट्टीसकट मोजत असल्यामुळे तिला वाटतं सेलच खाली गेला, आणि ती सगळं तोडते. हळू चालवताना १० अँपिअरला हीच घट ०.०७ व्होल्ट, म्हणून काही कळत नाही. शिवाय पूर्ण जोरावर त्या एका नटापाशी २५ वॅट उष्णता तयार होते, ती वेगळीच.

म्हणून मल्टीमीटर घेऊन बॅटरी नुसती उभी असताना मोजू नका. बोट काठाला घट्ट बांधा, मोटर लोडवर चालवा आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना टोकं लावून मिलिव्होल्टमध्ये घट बघा. चांगल्या जोडावर ती काही मिलिव्होल्टच असते. एखादा जोड शेकड्यांत गेला, तर तोच चोर. पट्टी आणि टर्मिनल घासून साफ करा, लगेच जोडा आणि सेल बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कलाच आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जास्त जोर लावला की जातात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

बारीक तार वापरायची कंजुषीही अशीच नडते. मोटरपर्यंत ३ मीटर जाणं आणि ३ मीटर येणं धरलं, तर ६० अँपिअरला १० चौरस मिमीची तांब्याची केबल ३७ वॅट जाळते, ३५ चौरस मिमीची ११. लग (तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा, हातोड्याने ठोकलेला लग हमखास त्रास देतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा आणि तो डीसीचाच हवा. घरातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती पेटती राहते.

नाशिकमध्ये ई-रिक्षाची ४८ व्होल्टची मोटर सहज मिळते, म्हणून तीच बसवायचा मोह होतो. रिक्षाची मोटर सिग्नलला, उतारावर विसावा घेते. बोटीत तिला तासभर एकसारखं ओढायचं असतं. त्यामुळे पाटीवरचा सर्वोच्च आकडा सोडा, अखंड चालण्याचा आकडा बघा. आणि पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटा? जुन्या डिझेल इंजिनात तो गिअरबॉक्स झेलत असे. इंजिन काढलं की तो थेट मोटरच्या बेअरिंगवर येतो, ज्यासाठी ते बनलेलंच नसतं. शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग घातलंच पाहिजे.

वेगाचा मोह तर सर्वांत महाग. लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाने वाढते. आमच्या बोटीला ताशी ५ किमीला ५०० वॅट लागतात, ताशी ८ ला जवळपास २ किलोवॅट. ५ किलोवॅट-तासाच्या पॅकमधले ४ वापरायचे धरले, तर हळू ४० किमी जाता येतं, घाईत फक्त १६. गंगापूरचं पाणी बहुतेक नाशिक पितं. त्यावर पेट्रोलचा तवंग नको म्हणून आपण हा खटाटोप करतो, मग संथ जाण्यात कमीपणा कसला?

किती चार्ज उरला हे व्होल्टेजवरून ठरवू नका. एलएफपीचा सेल ८० टक्क्यांना आणि ३० टक्क्यांना जवळपास तेच व्होल्टेज दाखवतो. शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारं साधन) लावा. दिवे आणि पंपासाठी १२ व्होल्ट हवे असतील, तर १६ पैकी ४ सेलवरून तार काढू नका, ते चार रोज जास्त रिकामे होतील. डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा. लेड-ॲसिडचा जुना चार्जर तर अजिबात नको, त्याचा डिसल्फेशनचा, म्हणजे जास्त व्होल्टेजचा, टप्पा लिथियमला घातक आहे.

मुंबई-अलिबागहून बोट आणली असेल, तर तळाशी जस्ताचे ॲनोड (बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) असतील. गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे लावा.

पावसाळ्यात बोट वर काढली की लोक बॅटरी १०० टक्के भरून ठेवतात. तसं करू नका. निम्म्यावर आणून, सावलीत, तार पूर्ण सोडवून ठेवा. मुख्य स्विच बंद असला तरी बीएमएस आणि कन्व्हर्टर थेंब-थेंब ओढत राहतात. चार महिन्यांनी एखादा सेल २ व्होल्टखाली सापडला, तर त्याला जबरदस्तीने चार्ज करू नका. आत विरघळलेलं तांबं चार्ज करताना पुन्हा जमतं आणि शॉर्ट होतं. तो सेल बाजूला काढा, आणि नवा आणाल तो बाकीच्यांसोबत समांतर जोडून, ३.६५ व्होल्टपर्यंत चार्ज करून, बरोबरीला आणूनच पॅकमध्ये घाला.