मूल कधी, हे तुझं तू ठरवताना

गोळ्यांचं पाकीट वरचेवर गायब होतं, नवरा निरोध मध्येच काढून टाकतो, तुझी पाळी चुकली की सासूला तुझ्याआधी कळतं. यातलं एक जरी तुझ्याकडे घडत असेल तर हे तुझ्यासाठी लिहिलंय. मी नर्स आहे. दिवस राहू नयेत म्हणून कुठलं साधन घेऊ असं विचारणाऱ्या बाईला मी आधी विचारते, पाळीच्या तारखा घरात कोण मोजतं?

त्यावर पुष्कळ ठरतं. दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन घरी लपवावं लागत नाही, पण त्याने पाळी अनियमित होते, कित्येकींची थांबतेच. तारखा मोजणाऱ्याला संशय येणारच. शिवाय ते बंद केल्यावर दिवस राहायला वर्षभरही लागू शकतं. दंडात बसवायची गर्भनिरोधक कांडी वरून चाचपली तर हाताला लागते. तांबीने मात्र पाळी चालू राहते, फक्त सुरुवातीला अंगावरून जास्त जातं. काही तांब्या १० वर्षं चालतात. तिचा दोरा जोडीदाराला जाणवू शकतो, म्हणून बसवतानाच सांग, ‘दोरा अगदी आखूड कापा.’ पुढे काढताना डॉक्टरांना जरा खटपट करावी लागेल, करू देत. यातलं काहीच लैंगिक आजारांपासून वाचवत नाही, ते काम निरोधाचंच.

तपासणीला एकटी आत जा. बरोबरचं माणूस हटत नसेल तर लघवीच्या तपासणीचं निमित्त काढून बाहेर ये आणि नर्सच्या कानावर घाल. घरी फोन करू नका, हेही तिला सांग.

साधनाशिवाय संबंध होऊन गेला असेल तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ५ दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षा खात्रीची. गर्भ राहिल्यावर या गोळीचा उपयोग नाही.

जबरदस्ती उलट्या बाजूनेही होते. मूल हवं असताना पाडायला लावतात, मूल बंद करण्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही मागतात. नेमकं काय करणार, ते परत फिरवता येईल का, हे डॉक्टरांकडूनच ऐकल्याशिवाय सही करू नकोस. मुलं किती आणि किती अंतराने, हे ठरवण्याचा बाईला पुरुषाइतकाच हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या स्त्रियांविषयीच्या करारात कलम १६ मध्ये लिहिलेलं आहे.

आणि मारहाण होत असेल तर नवऱ्याला पटवत बसू नकोस. आधी साधन घे, कागदपत्रं विश्वासातल्या बाईकडे ठेव, रात्री-अपरात्री जाता येईल असं एक घर बोलून ठेव.