सुरुवातीच्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंचा माग कसा काढावा

ब्रिटनमधल्या जुन्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर लिहिताना ‘पहिला’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. अ‍ॅक्रामध्ये (आजच्या घानात) जन्मलेल्या आर्थर व्हार्टनला वर्षानुवर्षं ‘पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू’ म्हटलं गेलं. पहिला व्यावसायिक म्हणा, ते चालेल. पण त्याच्या आधीच, १२ मार्च १८८१ रोजी, अँड्र्यू वॉटसन या कृष्णवर्णीय कर्णधाराच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने लंडनच्या ओव्हलवर इंग्लंडला ६-१ असं हरवलं होतं. तेव्हा विशेषण शेवटी ठरवा. आधी माणूस शोधा.

पायरी १. एक खेळाडू आणि त्याचा एक पक्का सामना निवडा: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी.

पायरी २. वर्तमानपत्रं. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह या जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहाची वर्गणी भरली की पुण्यात बसूनही हे काम होतं. आडनाव टाकून शोधू नका. स्कॅन केलेली अक्षरं यंत्राने वाचलेली असतात आणि नेमकं नावच चुकतं. दोन्ही संघांची नावं टाका आणि सामन्यानंतरचा एक आठवडा चाळा. त्या काळच्या बातमीदारांनी खेळाडूच्या रंगावरून वापरलेले अपमानास्पद शब्दही शोधात टाकावे लागतात. वाचताना त्रास होतो, पण ते टाळलं तर निम्म्या बातम्या हाती लागत नाहीत.

पायरी ३. ओळख पटवणं. सगळं काम इथेच फसतं.

ब्रिटिश जनगणनेत १९९१ पर्यंत वंशाचा रकानाच नव्हता. सामन्याच्या बातमीत बहुतेकदा नुसतं आडनाव, फार तर एक आद्याक्षर. आणि ‘अँड्र्यू वॉटसन’ नावाची माणसं स्कॉटलंडमध्ये ढिगाने. वॉटसन ऑस्ट्रेलियात गेला आणि सिडनीत वारला, असं बराच काळ छापलं गेलं. प्रत्यक्षात तो ८ मार्च १९२१ रोजी लंडनजवळ क्यू इथे वारला आणि रिचमंडच्या दफनभूमीत आहे. नुसतं नाव जुळवलं की असं होतं.

म्हणून जनगणनेच्या पानावर आधी नाव नाही, जन्मस्थळाचा रकाना बघा. वॉटसनसाठी तिथे डेमेरारा किंवा ब्रिटिश गियाना (दक्षिण अमेरिकेतला आजचा गयाना) हवं, व्हार्टनसाठी गोल्ड कोस्ट (आजचं घाना) किंवा पश्चिम आफ्रिका. नोंदणाऱ्याने ऐकेल तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे स्पेलिंग वाकडंतिकडं येणारच. संकेतस्थळाच्या यादीत उतरवलेल्या मजकुरावर विसंबू नका, मूळ पानाची प्रतिमा उघडा. वॉल्टर टलसारखा खेळाडू मात्र केंटमधल्या फोकस्टनचाच. तिथे जन्मस्थळ काहीच सांगणार नाही, आईवडिलांकडूनच जावं लागतं.

माझ्या मते किमान तीन स्वतंत्र दुवे जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत. जन्मस्थळ, व्यवसाय, पत्नीचं नाव, पत्ता, सही यांपैकी कुठलेही तीन. वय त्यात धरू नका. प्रत्येक जनगणनेत ते वेगळ्याच हिशेबाने सांगितलेलं असतं. चेहरेपट्टीवरून फोटो जुळवणं तर मुळीच नको. आणि एकाच जुन्या लेखातून उतरवलेली पाच संकेतस्थळं म्हणजे पाच पुरावे नव्हेत, एकच.

पायरी ४. मृत्यूचा दाखला मागवा: इंग्लंड-वेल्ससाठी जनरल रजिस्टर ऑफिस हे नोंदणी कार्यालय, स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्स पीपल हे सरकारी नोंदींचं संकेतस्थळ. दाखल्यावर दफनाची जागा नसते. त्यासाठी स्थानिक दफनभूमीची नोंदवही बघावी लागते. टलचं थडगं शोधत बसू नका. पहिल्या महायुद्धात, २५ मार्च १९१८ रोजी, तो फ्रान्समध्ये मारला गेला, देह सापडला नाही; नाव अरासच्या स्मारकावर आहे.

पायरी ५. सन्मान. व्हार्टन १९३० मध्ये वारला, त्याला यॉर्कशरमधल्या एडलिंग्टनला पुरलं आणि १९९७ पर्यंत त्याच्या थडग्यावर दगडही नव्हता. शेफील्डमधल्या वंशवादविरोधी फुटबॉल मोहिमेमुळे तो बसला. असा दगड बसवायचा असेल तर वर्गणी गोळा करण्याआधी दफनभूमीच्या कार्यालयाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: थडग्याचा हक्क कोणाकडे आहे, आणि त्यात आणखी कोण पुरलेलं आहे. गरिबांच्या थडग्यांत अनेकदा एकमेकांशी नातं नसलेली माणसं एकत्र असतात. अशा जागी एकाच्याच नावाचा दगड बसवणं इतरांवर अन्याय आहे. वंशज सापडले तर मजकूर आधी त्यांना दाखवा.

दगडावर नाव, जन्म-मृत्यूची तारीख आणि गाव, क्लब एवढंच कोरा. ‘पहिला’ लिहायचंच असेल तर कशात पहिला तेही कोरा. दाखल्यांच्या प्रती, जनगणनेची पानं आणि न जुळलेल्या नोंदी एका फायलीत लावून स्थानिक अभिलेखागाराला द्या. न जुळलेल्या नोंदी नक्की ठेवा, म्हणजे पुढचा शोधक त्याच चुकीच्या माणसामागे जाणार नाही.