लाइट गेली की फोन गप्प: गेटवे जोडताना या चुका टाळा

गेटवे, म्हणजे आतले फोन बाहेरच्या लाइनीला जोडणारा डबा, लावून डायल टोन ऐकू आला की काम झालं असं समजून निघून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गोव्यात पावसाळ्यात लाइट जाणारच, आणि फोनची खरी गरज तेव्हाच लागते.

बार्देशातल्या एका हॉटेलात झाड पडून लाइट गेली, जनरेटर सुरू होईना. एका पाहुण्याच्या छातीत दुखू लागलं. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन उचलला. टोन होता, पण 108 लागेना. मोबाइलला रेंज नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना म्हापशाला नेलं, म्हणून वाचले.

नंतर मी रॅक उघडला. गेटवे यूपीएसवर होता, म्हणून टोन येत होता. बाहेरची लाइन मात्र फायबरच्या ओएनटीतून (फायबर जिथे येऊन संपते तो डबा) आलेली, आणि तो जिन्याखाली साध्या प्लगवर. तांब्याच्या लाइनीला एक्स्चेंजच्या बॅटरीचे सुमारे 48 व्होल्ट मिळायचे. फायबरवर ते व्होल्टेज तुमचा ओएनटीच तयार करतो. तो बंद, तर लाइन बंद.

वर पॉवर-फेल पोर्टला स्टोअररूमचा फोन! गेटवेची वीज गेली की आतला रिले, म्हणजे आपोआप फिरणारा स्विच, ठरलेली एफएक्सओ (बाहेरून येणारी) लाइन ठरलेल्याच एफएक्सएस (आतला फोन लावायच्या) पोर्टला थेट जोडतो. तो पोर्ट कुठला, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. वाचायला पाच मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर या कामात पडू नये.

मी ओएनटीला त्याच्या अडॅप्टरचं व्होल्टेज बघून वेगळा छोटा यूपीएस देतो. पॉवर-फेल पोर्टवर काउंटरचा साधा वायरवाला फोन. कॉर्डलेस नको, त्याच्या बेसलाही वीज लागते. मग मेन पाडतो, गेटवेचा यूपीएसही बंद करतो आणि त्या फोनवरून माझा मोबाइल लावून बघतो. मालक कुरकुरला तरी.

बाहेरची लाइन एफएक्सएसमध्ये खुपसू नका, पोर्ट जळू शकतो.

सेटिंग बदलल्यावर सेव्ह करा आणि एकदा रीस्टार्ट करून पाहा.

गेटवेच्या सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडा. आपला बिझी टोन 400 हर्ट्झचा, 0.75 सेकंद चालू, 0.75 बंद, तो गेटवेला ओळखता आला नाही तर कॉल संपूनही लाइन अडकून राहते.

अर्थिंगचा खड्डा चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात कोरडा पडतो. मे महिन्यातला गडगडाट सुरू होण्याआधी त्यात पाणी घाला, आणि सर्ज प्रोटेक्टर विजेच्या तारेबरोबर टेलिफोनच्या तारेलाही लावा.