इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, स्पीड मात्र ९४ वरच अडतो?

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा बिल्डरनेच भिंतीतून लॅन केबल टाकून दिलेली असते. त्या केबलवर स्पीड टेस्ट ९३-९४ एमबीपीएसच्या पुढे सरकत नसेल, तर कस्टमर केअरला फोन लावून डोकं पिकवून घेण्याआधी एवढं बघा.

१. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड बघा. १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर घोळ बहुतेक घरातच आहे.

२. चांगल्या कॅट ५ई किंवा कॅट ६ केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडा. आकडा १००० झाला, तर भिंतीतली केबल दोषी.

३. भिंतीवरचा सॉकेट उघडा. १०० ला चारच तारा पुरतात, गिगाबिटला (म्हणजे १००० ला) आठही लागतात. निळी आणि तपकिरी जोडी बरेचदा नुसतीच मागे दुमडून ठेवलेली सापडते, नाहीतर इंटरकॉमवाल्याने पळवलेली. (पळवली असेल तर नवी केबल ओढण्यावाचून इलाज नाही.)

४. दुमडलेल्या जोड्या मोकळ्या असतील तर दोन्ही टोकांना आठही तारा याच क्रमाने बसवून घ्या: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. इंटरनेटवाल्याच्या माणसाकडे तारा दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल असतंच.

एक मात्र सांभाळा. थेट जोडूनही १०० च आलं तर भिंत उकरू नका, राउटरचा पोर्ट तपासा. खोक्यावरच्या ‘एन३००’ मधला ३०० हा वायफायचा वेग असतो, लॅन पोर्टचा नव्हे. अशा स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट बहुधा १०० चेच.