वारशात आलेली छोट्या बोरची एकनळी: आधी वाचा, मग पुसा

जुनी एकनळी बंदूक हातात आली की माणूस आधी काय करतो? पॉलिशपेपर आणतो. नळी चकाकली पाहिजे, दस्त्यावर वॉर्निश चढलं पाहिजे. आमच्या घरची वीस बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) एकनळी माझ्या नावावर झाली तेव्हा मीही त्याच तयारीत होतो. चुलतकाकांनी पॉलिशपेपर काढून घेतला आणि भिंग हातात दिलं. "आधी वाच, मग पूस," एवढंच म्हणाले. खालचा क्रम त्यांचाच आहे.

कागद

बंदूक वडिलोपार्जित असली तरी परवाना वडिलोपार्जित नसतो. परवानाधारक वारला की बंदूक माळ्यावर 'तात्पुरती' ठेवायची नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि वारस म्हणून आपल्या नावाने अर्ज करायचा. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आहे. परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर अक्षर-अक्षर ताडून बघा. जुन्या कारकुनी हस्ताक्षरात १ चा ७ झालेला असतो, आणि ते नूतनीकरणाच्या दिवशीच कळतं.

आणखी एक. परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर भातात शिरलं तरी १९७२चा वन्यजीव कायदा लागूच असतो.

रिकामी आहे ना?

"ही कधीचीच रिकामी आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरा, चापापासून बोट लांब ठेवा, वरचा खटका दाबून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरावर वाकवून उघडा. चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग मागून उजेडाकडे नळी धरून आरपार दिसतं का पाहा. कोकणात इथे हमखास काय सापडतं, तर कुंभारमाशीचं मातीचं घर. दिसायला किरकोळ, पण त्यावर बार उडाला तर नळी फुटते.

खुणा वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एकनळीचं पुढचं लाकूड काढा, नळी सुटी करा आणि तिच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर भिंग धरा. तिथे कारखान्याचं नाव नसेल, पण चाचणीचे ठसे असतील. मुकुट आणि एकमेकांवर फुली मारलेले राजदंड असतील तर बंदूक बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसातून (नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेतून) तपासून गेली आहे; हे प्रूफ हाउस १८१३पासूनचं. अंडाकृती चौकटीत 'ईएलजी' अशी अक्षरं असतील तर ती बेल्जियममधल्या लिएजची. आपल्याकडच्या 'विलायती' म्हणवल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त एकनळ्या मुळात लिएजच्याच. जुन्या इंग्रजी नळीवर शंकरपाळ्याच्या आकारात बोरचा आकडा आणि खाली 'सी' असं अक्षर दिसतं. 'नायट्रो' (म्हणजे आजची बिनधुराची दारू) हा शब्द कुठे आहे का, हे खास शोधा. तो नसेल तर ती नळी जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूसाठीच तपासलेली आहे असं धरून चाला. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी. अशा नळीत आजचं काडतूस जाणकाराला विचारल्याशिवाय घालायचं नाही.

आता कळलं असेल पॉलिशपेपर का नको ते. घासलं की हे सगळं जातं. शिवाय बंदुकीवरचे ओळखनंबर पुसणं हा गुन्हा आहे. नळी कापून आखूड करणंही तसंच.

बोर आणि चेंबर

वीस बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या वीस सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती. म्हणून बारा बोर मोठी (साधारण १८.५ मिमी), वीस बोर लहान (१५.६ मिमी). फक्त .४१० या सगळ्यात बारीक बंदुकीचा आकडा थेट नळीच्या इंचांत आहे, म्हणजे १०.४ मिमी. त्याच हिशेबाने ती सदुसष्ट-अडुसष्ट बोरची झाली असती.

लहान बोर म्हणजे मवाळ बंदूक, हा समज काढून टाका. खांद्याला धक्का कमी बसतो हे खरं, पण नळीतला दाब कमी नसतो. अमेरिकी मानकात बारा बोरच्या नेहमीच्या काडतुसाला कमाल दाब ११,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), वीस बोरला १२,००० आणि तीन इंची .४१०ला १३,५०० आहे. बंदूक जेवढी बारीक, तेवढी तिची तपासणी कडक हवी.

खरी फसगत चेंबरच्या लांबीत होते. .४१०ची काडतुसं दोन, अडीच आणि तीन इंची येतात. काडतुसावर लिहिलेली लांबी ते उडून तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे तीन इंची काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये मुकाट्याने बसतं, बंदूकही बंद होते. बार उडताना मात्र तोंड उलगडायला जागाच नसते आणि दाब भलताच वाढतो. 'बसलं म्हणजे चालतं' हा नियम इथे लागू नाही. चेंबर बंदूकवाल्याकडून मोजून घ्या आणि आकडा परवान्याच्या पाकिटात लिहून ठेवा.

घरात बारा आणि वीस दोन्ही असतील तर काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, मागे दुसरं काडतूसही बसतं, आणि मग काय होतं ते सांगायला नको. वीसची काडतुसं बहुधा पिवळी करतात ती याचसाठी.

बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात .३०३ रायफलीची नळी आतून गुळगुळीत करून .४१० मस्केट बनवल्या जायच्या, पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. त्यांचं मूळ चेंबर .३०३च्या सरळ केलेल्या पितळी काडतुसासाठी आहे, बाजारातल्या .४१०साठी नाही. नाव एक आहे एवढंच.

खिळखिळी आहे का

पुढचं लाकूड काढूनच तपासा. ते बसवलेलं असलं की आतली ढिलाई लपते. दस्ता धरून हलकेच हलवा. बिजागराशी टकटक ऐकू आली तर बंदूक कारागिराकडे. उघडा घोडा असेल तर चाप सोडल्यावर तो थोडा मागे येऊन थांबतो की फायरिंग पिनवरच (काडतुसावर आदळणाऱ्या खिळ्यावरच) टेकून राहतो ते त्याच्याकडून पाहून घ्या. टेकून राहणाऱ्या घोड्याखाली भरलेलं काडतूस असेल तर एका धक्क्यात बार उडू शकतो. आणि रिकामा घोडा टकाटक पाडत बसू नका. जुनी पिन मोडली की तसलीच दुसरी मिळत नाही. डमी (बिनदारूचं) काडतूस वापरा.

पुसणं

गज लाकडी किंवा पितळी घ्या आणि चेंबरकडून तोंडाकडे ढकला. आधी कोरडी चिंधी, मग सॉल्व्हंट लावलेला ब्रॉन्झचा ब्रश, मग पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. काळ्या दारूचा बार झाला असेल तर आधी कढत पाणी. त्यातले क्षार तेलाने निघत नाहीत, पाण्याने निघतात. नळी गरम असतानाच कोरडी करा. शेवटी पातळ तेलाचा हात. शिवणयंत्राचं तेल चालेल. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. बार काढायच्या आधी हे तेल चेंबरमधून पुसून टाका.

दस्त्याला जवसाचं तेल, तेही थेंबभर, तळव्याने चोळून. दस्त्याला चीर दिसली तर फेविक्विक लावू नका, सुताराकडेही नेऊ नका. दुरुस्ती परवानाधारक बंदूकवाल्याकडेच.

पावसाळा

चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंदूक ठेवली की खोळ ओल धरून ठेवते आणि दसऱ्याला गंजाचे खड्डे दिसतात. खोळ फक्त प्रवासापुरती. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि जमल्यास तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही. दर पंधरा दिवसांनी काढा, पुसा, आणि हाताचा घाम लागलेली प्रत्येक जागा ठेवण्याआधी पुन्हा पुसा. काडतुसं वेगळी, त्यांनाही कुलूप. जुनी कागदी काडतुसं ओलीने फुगतात. चेंबरमध्ये ती ठोकून बसवायची नाहीत.

आमच्या वीस बोरचं चेंबर अडीच इंची निघालं आणि 'नायट्रो' कुठेच नव्हतं. बंदूकवाल्याने ती मोडून पाहिली, बंद केली, परत दिली आणि म्हणाला, ही आता पुसायची बंदूक. गेली काही वर्षं जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी मी तेच करतोय. भिंग अजून त्याच कपाटात आहे.